सुरुवातीची खरखर

ही हकिगत मी आजवर दोनदा सांगितली आहे. एकदा बायकोला, आणि एकदा ज्याचं मी नुकसान केलं त्या माणसाला. दोन्ही वेळा थोडी कमी सांगितली. जो भाग सांगितल्यावर समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघणं जमलं नसतं, तेवढा ठेवून घेतला. आता पन्नाशी उलटली. लिहिताना समोर चेहरा नसतो, म्हणून लिहितो.

दोन हजार तीन साली आम्ही जर्सी सिटीत राहायला आलो. नदीकाठी काचेचे मनोरे उभे राहत होते, पण आमची इमारत आतल्या बाजूला, चार मजली, लाल विटांची, जुनी. मी, बायको आणि चार वर्षांची मुलगी. सकाळी नदीखालून जाणाऱ्या गाडीने मॅनहॅटन गाठायचं, संध्याकाळी परत. नोकरी एका कंपनीच्या डेटा विभागात. जुन्या याद्यांमधली दुबार नावं, चुकीचे पत्ते, अर्धवट माहिती शोधायची आणि काढून टाकायची. काय काम करता, असं कुणी विचारलं की मी म्हणायचो, साफसफाई करतो. लोक हसायचे.

इमारतीची खरी साफसफाई करणारा माणूस तळघरात असायचा. गळके नळ, बंद पडलेले हीटर, दारांची कुलपं, सगळं तोच बघायचा. अमेरिकेत अशा माणसाला सुपर म्हणतात. आम्हीही सुपरच म्हणायचो. मूळचा डॉमिनिकन रिपब्लिकचा, साठीकडे झुकलेला, बुटका, रुंद. कमरेला किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा, की तो येण्याआधी त्याचा आवाज यायचा. मोठ्या माणसाला काका म्हणायचं, असं आम्ही मुलीला शिकवलेलं. तिने पहिल्याच दिवशी जिन्यातून खणखणीत हाक मारली. तो आधी दचकला आणि मग पोट धरून हसला. त्यांच्या स्पॅनिशमध्ये लहान मुलं ‘शी’ला ‘काका’ म्हणतात, हे त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं. मी शरमून तिला गप्प करायला गेलो, तर म्हणाला, “राहू दे, इंजिनिअर. ह्या इमारतीचे तुंबलेले संडास मीच तर मोकळे करतो.”

तळघरात एका बाजूला आमची कपडे धुवायची मशीनं आणि दुसऱ्या बाजूला त्याची खोली. खोलीत टेबल, हत्यारं, बॉयलरची धग आणि रेडिओ. रेडिओवर सदैव बचाता. म्हणजे त्याच्या देशातली गाणी: दोन गिटारी, एक बेस, बोंगो नावाचा छोटा जोडढोल, आणि बाई सोडून गेल्याचं दुःख. मी धुतलेले कपडे घड्या करता करता ती ऐकायचो, आणि खरं सांगायचं तर मला ती सगळी एकच वाटायची. तीच टुणटुणणारी गिटार, तोच रडवेला गळा. घरी माझे कान नाट्यसंगीतावर पोसलेले. ‘रडकी गाणी’ असं मी बायकोला म्हणायचो.

तो सांगायचा, त्याच्या तरुणपणी शहरातले बरे लोकही हेच म्हणायचे. ही गाणी दारूच्या गुत्त्यात वाजायची, मोठ्या रेडिओ केंद्रांवर नाही. घरकाम करणाऱ्या बायका आणि ट्रकचे ड्रायव्हर ऐकायचे. आणि आता आमच्या डोळ्यांदेखत दिवस पालटत होते. न्यूयॉर्कात वाढलेली पोरं अर्धी इंग्लिश, अर्धी स्पॅनिश बचाता गात होती. एखाद्या वर्षी एखादं गाणं असं उसळायचं, की न्हाव्याच्या दुकानात, सिग्नलला थांबलेल्या गाडीत, किराणावाल्याच्या काउंटरवर, जिथे जाल तिथे तेच. किराणावाल्याकडे गल्ल्याशेजारी नव्या सीडींची चळत असायची आणि तिच्यावर गॉगलवाले चेहरे. सुपर ते चेहरे बघून म्हणायचा, “ही पोरं रडतात, पण केस विस्कटत नाहीत.” पण सीडी घ्यायचाच. ती आमच्या मुलीला ऐकवून पावलं शिकवायचा: तीन पावलं बाजूला आणि चौथ्याला कमरेचा एक झटका.

त्याच सुमारास मी मराठी मंडळात ‘कॅसेट डॉक्टर’ म्हणून नाव काढलं होतं. सुरुवात वडिलांपासून झाली. त्यांना पत्र लिहायचा कंटाळा, म्हणून ते कॅसेटवर बोलून पाठवायचे. ते गेल्यावर त्या कॅसेटी मी कॉम्प्युटरवर उतरवल्या आणि एका सॉफ्टवेअरने स्वच्छ केल्या. माझी पद्धत ठरलेली होती. कॅसेटच्या सुरुवातीला, माणूस बोलायला लागण्याआधी, चार-पाच सेकंद नुसती खरखर असते. तेवढा तुकडा निवडायचा आणि सॉफ्टवेअरला सांगायचं, हा कचरा, ओळखून ठेव. मग ते अख्ख्या रेकॉर्डिंगमधून तसा आवाज वेचून काढतं. वडिलांचा आवाज असा मोकळा झाला, की बायको स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आली होती.

मंडळात ही बातमी पसरली. लोक पिशव्या भरभरून कॅसेटी आणायला लागले. मुंजीतली भाषणं, बारशाचे पाळणे, कुणाच्या आजोबांचं कीर्तन. पिस्कॅटवे गावच्या एका काकूंनी आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या आणल्या. सीडी ऐकून म्हणाल्या, “छान झालंय हो. पण काहीतरी रिकामं रिकामं वाटतंय.” मी ते कौतुक समजलो.

दोन हजार चारच्या जूनमध्ये एका रविवारी सुपर आमचा नळ दुरुस्त करायला आला. माझा जुना रेकॉर्ड प्लेअर त्याने पाहिला.

“हा चालतो?”

“चालतो.”

“आणि ह्याच्यातून सीडी होते?”

“होते. शिवाय स्वच्छ करून देतो. खरखर नावाला राहत नाही.”

तो दुसऱ्या दिवशी एक पिशवी घेऊन वर आला. पिशवीत धुतलेला बनियन, बनियनमध्ये गुंडाळलेली लहान तबकडी, बशीएवढी. मधे हिरवं लेबल, त्यावर पोपट. लेबलवरच्या एका नावावर बोट ठेवून म्हणाला, “हा मी.”

मी थक्क झालो. “तुम्ही गायचात?”

“गायचा प्रयत्न केला. हे एक गाणं. मग इकडे आलो, बॉयलर दुरुस्त करायला.”

“आणि दुसऱ्या बाजूला?”

“तो दुसराच कोणी आहे. रेकॉर्ड कंपनीच्या मालकाने एका तबकडीवर दोन दुःखी माणसं बसवली. तेवढंच प्लास्टिक वाचलं.”

मी हसलो. तो हसला नाही. तबकडी माझ्या हातात देताना त्याने माझं मनगट धरलं. “सांभाळ. माझा भाऊ आहे ह्याच्यात.”

हळूहळू कळलं. धाकटा भाऊ. रेकॉर्डिंगनंतर वर्षभरात तापाने गेला. त्याचा फोटो एकच, तोही चेहरा पुसट झालेला. दुसरं रेकॉर्डिंग नाही. गावी बहीण आहे. तिच्याकडची प्रत पुराच्या पाण्यात गेली. जगात त्या उरलेल्या दोघा भावंडांकडे मिळून ही एवढी एक तबकडी. तिची सीडी करून बहिणीला पाठवायची होती.

भाऊ ह्याच्यात म्हणजे कुठे, हे मी विचारलं नाही. दुसरी गिटार वाजवत असेल असं धरून चाललो. न विचारणं हा माझा जुना स्वभाव. लोक त्याला सभ्यपणा समजतात.

शनिवारी सकाळी कामाला बसलो. तबकडी खूप वाजवलेली होती, आवाज चिरलेला. गाणं सुरू होण्याआधी चार-पाच सेकंद नुसती खरखर, मग गिटार. मी नेहमीप्रमाणे तो सुरुवातीचा तुकडा निवडला, सॉफ्टवेअरला ओळखायला दिला, अख्ख्या गाण्यातून काढला. तो तुकडाही कापून टाकला. गाणं आरशासारखं झालं. तरुण, खरखरीत, थोडा घाबरलेला गळा. पहिल्यांदा मला वाटलं, हे रडकं नाही. लेबल स्कॅन करून सीडीचं कव्हर छापलं. कॉम्प्युटरची डिस्क भरत आली होती, म्हणून काम झाल्यावर कच्ची फाइल डिलीट केली. तेही नेहमीप्रमाणे.

दुसऱ्या दिवशी पिस्कॅटवेला मंडळाच्या एका मित्राकडे जेवण होतं. ही कर्तबगारी दाखवायला मी तबकडी बरोबर नेली, आणि गाडीच्या मागच्या काचेपाशी विसरून आत गेलो. तीन तास ऊन. परत आलो तेव्हा तबकडी भाजलेल्या पापडासारखी वळली होती.

सोमवारी संध्याकाळी तळघरात गेलो आणि तबकडीचं लगेच कबूल केलं. त्याने वाकडी तबकडी उलटसुलट केली, एक सुस्कारा टाकला आणि म्हणाला, “गाणं सीडीत आहे ना? मग झालं. माणूसही असाच वाकडा होतो.” इतक्या सहज माफ केलं, की मला रडू येईल असं वाटलं.

मग त्याने सीडी लावली.

गिटार सुरू झाली. त्याचा चेहरा उजळला. उजवा हात वर आला आणि हवेत खालीवर, खालीवर काहीतरी खरवडायला लागला. थोड्या वेळाने हात थांबला. त्याने आवाज वाढवला. कान स्पीकरला लावला. गाणं संपलं. त्याने पुन्हा पहिल्यापासून लावलं.

“माझा भाऊ कुठे आहे?”

“म्हणजे?”

“सुरुवात तो करतो. मी घाबरलो होतो, गाणं धरता येईना. तो म्हणाला, आधी मी दोन फेऱ्या वाजवतो, मग तू ये. तो एकटा. मग गिटार.”

त्याने भिंतीवरच्या खिळ्यावरून एक वस्तू काढली. पत्र्याचं नळकांडं, सगळीकडून ठोकून खरबरीत केलेलं. वर्षभर मी ते बघत होतो. ड्रायरच्या पाइपाचा तुकडा असेल असं वाटायचं. त्याला ग्विरा म्हणतात. आधी बचातात लोक खुळखुळे वाजवायचे. भाऊ लग्नाच्या बँडमधून ग्विरा घेऊन आला आणि मालकाशी भांडून तीच वाजवली. सुपरने काट्यासारखी एक दांडी घेतली आणि वाजवून दाखवलं. आमच्या किसणीवर काटा घासावा तसा आवाज. चक्, चिकिचिक्, चक्, चिकिचिक्.

मला कळलं. त्या क्षणी, सगळं कळलं. माझा कचरा तो हाच होता.

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, “रेकॉर्ड फार झिजलं होतं. जेवढं होतं तेवढं आलं.”

“पण मला ऐकू यायचं. मागच्या वर्षीपर्यंत.”

आणि मग मी ते बोललो, ज्याच्यासाठी हे सगळं लिहितो आहे. मी अगदी मऊ आवाजात म्हणालो, “कदाचित तुमच्या आठवणीतून ऐकू येत असेल.”

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या नजरेत संशय नव्हता; असता तर बरं झालं असतं. शिकलेल्या माणसाकडे बघावं तसा बघत होता. मग म्हणाला, “असेल. मी म्हातारा होतोय.” आणि ग्विरा खिळ्याला अडकवली. त्याच खिळ्याला ती वाकडी तबकडीही.

सीडी बहिणीकडे गेली. दोन आठवड्यांनी सुपर मुलीला सांगत होता, मी मशीनमधून कपडे काढत होतो. बहीण म्हणते, त्या दिवशी धाकटा आजारीच होता, तो स्टुडिओत गेलाच नसेल. “मला वाटतं, तिचंच खरं असेल,” तो म्हणाला. “मी इतकी वर्षं गोष्ट रंगवून सांगितली.” मुलगी सहानुभूतीने म्हणाली, “दॅट्स ओके, काका.”

म्हणजे मी फक्त आवाज काढला नव्हता. भाऊ त्या दिवशी तिथे होता, हेच काढून टाकलं होतं.

मुलीला त्याने ग्विराची चाल शिकवली होती. ती घरी येऊन किसणी आणि काटा घेऊन बसायची. चक्, चिकिचिक्. एकदा मी ओरडलो, “बंद कर ते!” इतक्या जोरात, की तिच्या हातून काटा पडला. बायको हातातलं गाजर ठेवून माझ्यासमोर येऊन बसली. “हे काय होतं?”

तेव्हा तिला सांगितलं. सॉफ्टवेअरने चुकून वाद्य काढलं, असं.

तिने गाजर पुन्हा हातात घेतलं. मग म्हणाली, “काकूंच्या ओव्यांमधलं जातंपण तूच काढलंस ना?”

मला तोवर सुचलंही नव्हतं.

“अरे, जा आणि सांग त्यांना. ते तुला खाणार आहेत का?”

“सांगतो.”

“कधी?”

“सांगतो म्हटलं ना.”

त्याऐवजी मी दुसरं काही तरी करायला लागलो. लेबलचा छापील कागद खिशात घालून शनिवारी मॅनहॅटनच्या वरच्या टोकाला जायचो, जिथे डॉमिनिकन वस्ती आहे. रेकॉर्डच्या दुकानांत दुसरी प्रत शोधायची. एका अरुंद दुकानात माझ्याच वयाची मालकीण होती. तिने कागद पाहिला, मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

“तू पोलीस आहेस की प्रेमात पडलायस? ह्या दोन जातींशिवाय असली रेकॉर्डं कुणी मागत नाही.”

“दोन्ही नाही.”

“मग नवी सीडी घे. सगळी पोरं हीच नेतात. ह्यात निदान गाणारा आंघोळ करून आलाय.”

“मला हेच पाहिजे.”

“हे मी लहानपणी घरात आणलं असतं तर आईने मला अंगणात झोपवलं असतं,” ती म्हणाली, पण कागदाची झेरॉक्स काढून काउंटरमागे चिकटवली. पुढे मी दुकानात शिरलो की ती आतल्या पोरीला ओरडून सांगायची, “दुःखी हिंदू आलाय!” त्या शनिवारांची मला सवय झाली. शोधतो आहे म्हणजे काहीतरी करतो आहे, असं वाटायचं. न सापडण्याची सोयही होती त्यात.

दोन हजार सातच्या शरदात तिचा फोन आला. “तुझं रडगाणं आलं.”

घरी आणून लावलं. ह्या प्रतीवर चरे कमी होते. सुई टेकली, आणि चार-पाच सेकंद तो एकटा होता. दोन फेऱ्या, ठाम, न घाबरता. थोरल्या भावाला हाताला धरून आत आणावं तसा. मग गिटार. मग तो गळा. आणि गळ्याखाली शेवटपर्यंत ती खरवड, क्षणभरही हात न सोडता. ह्याच्याशिवाय तो गळा किती एकटा वाटत होता, ते मला तेव्हा कळलं.

तबकडी मी स्वेटरच्या खणात ठेवली. पाच महिने. खाली तो, वर ती, मधे तीन जिने. ती द्यायची म्हणजे, ती शोधायची गरज का पडली, ते सांगावं लागणार होतं.

मग इमारत विकली गेली. नवा मालक सगळं पाडून काचेचं बांधणार होता. आम्हाला शोधाशोध करायला वेळ होता, सुपरला नव्हता. तो कायमचा गावी, बहिणीकडे जायला निघाला. मार्चमधल्या एका शनिवारी लॉबीत भाडेकरूंनी केक कापला. सगळ्यांनी त्याला मिठ्या मारल्या, मीही मारली. सोमवारी त्याचं विमान होतं. वर आल्यावर बायकोने खण उघडून तबकडी काढली आणि जेवणाच्या टेबलावर, माझ्या ताटाच्या जागी ठेवली.

रविवारी सकाळी दहा वाजता रेकॉर्ड प्लेअर, स्पीकर आणि ती तबकडी घेऊन तळघरात उतरलो. तो हत्यारं खोक्यात भरत होता. मी प्लेअर कपडे धुवायच्या मशीनवर ठेवला. काय बोलायचं ते पाठ केलं होतं, पण लेबलवरचा पोपट दिसताच त्याने तबकडी ओळखली आणि माझी वाक्यं राहून गेली. मी म्हणालो, “भाऊ होता. मी काढून टाकला. मला खरखर वाटली. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मला माहीत होतं.”

“तेव्हा माहीत होतं?”

“हो.”

“माझ्या आठवणीत आहे म्हणालास, तेव्हा?”

“हो.”

त्याने हातातला पाना खोक्यात ठेवला. “लाव,” म्हणाला.

मी लावलं. पहिल्या दोन फेऱ्यांना तो उभा होता. गिटार आली तेव्हा मशीनला पाठ टेकून खाली फरशीवर बसला. हात हवेत गेला नाही. मांडीवरच पडून होता, फक्त बोटं हलत होती. गाणं संपलं. सुई मधल्या गुळगुळीत भागात फिरत राहिली. ती उचलायचं मला सुचेना.

“आला होता तर,” तो म्हणाला.

मग, माझ्याकडे न बघता: “इंजिनिअर, तू त्याला काढलंस तेव्हा तुला तो ऐकू आला नाही?”

“नाही,” मी म्हणालो.

हाच तो ठेवून घेतलेला भाग. त्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय होती. काढण्याआधी, काय काढलं जाणार आहे तेवढंच ऐकता यायचं. नुसता कचरा. मी नेहमी ऐकायचो, काही चांगलं त्यात जात नाही ना म्हणून. त्या शनिवारीही ऐकलं. गाणं नव्हतं, गळा नव्हता, गिटार नव्हती. रिकाम्या खोलीत कुणीतरी एकटं बसून वाजवावं तसं चक्, चिकिचिक्, चक्, चिकिचिक्, जवळजवळ तीन मिनिटं. मी ते पूर्ण ऐकलं. कचऱ्याला ताल नसतो हे मला कळत होतं. मान किंचित हलायला लागली होती माझी. क्षणभर हात थांबला. पण स्क्रीनवर स्वच्छ झालेल्या गाण्याची रेघ इतकी सुंदर दिसत होती. आणि मनात कुठेतरी असंही होतं, की ह्यांच्या गाण्याला थोडं सुधारून द्यायला काय हरकत आहे. नाट्यगीत असतं तर मी थांबलो असतो. कुणाला तरी विचारलं असतं. मी बटण दाबलं.

त्याच्या भावाला इतकं एकटं, इतकं स्पष्ट, आईबापांनंतर कुणीच ऐकलं नसेल. मी ऐकलं होतं. आणि ‘नाही’ म्हणालो.

तो उठला. खिशातून फोन काढला आणि नंबर लावायला लागला. “माझ्या बहिणीला तू सांग,” म्हणाला. “मी नाही. तिने त्याला आजारी पाडलाय.”

“मला स्पॅनिश येत नाही.”

“तू बोल. मी सांगतो.”

मग मी त्या तळघरात उभा राहून एका न पाहिलेल्या बाईसमोर इंग्लिशमध्ये एकेक वाक्य बोललो, आणि तो प्रत्येक वाक्य स्पॅनिशमध्ये करून तिला सांगत गेला. माझाच अपराध त्याच्या आवाजात. तो काही वाढवत होता की काही गाळत होता, मला कळायला मार्ग नव्हता. एका ठिकाणी तो माझ्या वाक्यापेक्षा बराच जास्त बोलला. मग ती काहीतरी थोडं बोलली.

“काय म्हणाल्या?”

“म्हणते, लाव. फोन जवळ धर.”

मी सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली. त्याने फोन स्पीकरला लावला. पहिल्या दोन फेऱ्या सुरू झाल्या. मला फोनची लाइन माहीत आहे. ती माणसाच्या बोलण्यापुरती बनवलेली असते. वरचे, बारीक, खरखरीत आवाज ती वाटेतच टाकून देते. म्हणजे मी काढला तोच आवाज फोनही काढणार होता. दीड हजार मैलांवर त्या बाईला आधी काही सेकंद शांतता ऐकू जाणार, आणि मग नुसती गिटार. माझ्या सीडीसारखीच. ती म्हणेल, नाही, नाहीच आहे तो. हे आधीच सांगून ठेवावं का? सोमवारी तबकडीच तिच्या घरी पोचेल, तेव्हा नीट ऐका?

इतक्यात फोनमधून तिचा आवाज आला. मोठ्याने, भाचरांना हाका मारल्यासारखा. सुपर हसायला लागला. त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

“ऐकू येतंय म्हणते,” तो मला म्हणाला. “स्पष्ट. म्हणते, हा त्याचाच हात.”

त्याने माझ्याकडे पाहिलं, जणू मी काही बोलणार आहे. मी इंजिनिअर होतो. काय ऐकू जाऊ शकतं आणि काय नाही, हे मला ठाऊक होतं.

मी गप्प बसलो, आणि गाणं संपेपर्यंत स्पीकर दोन्ही हातांनी धरून ठेवला.